मुखपट्टी नाकाखाली का उतरते?

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षे जरा आठवून पाहा. तेव्हा तुमच्यापैकी काही जण अगदी लहान असतील. त्यांनी घरातल्या मोठ्या माणसांना विचारावे. किराणा दुकानापुढे चुन्याने किंवा रंगाने गोल आखलेले असत. प्रत्येकाने एकेका गोलात उभे राहायचे आणि पुढचा माणूस सरकला की आपण पुढच्या गोलात जायचे. रांगेच्या मागच्या टोकाला सगळे कसे अगदी गोलात उभे! पण पुढे, दुकानाच्या फळीपाशी, तीन-चार जण खांद्याला खांदा लावून सामानाची यादी वाचून दाखवीत असत. बसमध्ये चढताना मुखपट्टी, म्हणजे मास्क, नाकावर असे; तिकीट काढून झाले की ती हळूच हनुवटीवर येई. कोणाची नाकाखाली, कोणाची एका कानाला लोंबणारी, तर कोणाची चक्क शर्टाच्या खिशात. आणि हीच माणसे घरी दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होती. म्हणजे त्यांना रोगाची भीती नव्हती, असे मुळीच म्हणता येणार नाही.

मग असे का होत असे? 'आपल्या लोकांना शिस्तच नाही' असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु हे काही उत्तर झाले नाही. तापमापीतला पारा वर चढला, तर 'पाऱ्याला शिस्त नाही' असे आपण म्हणत नाही. तो का चढला याचा शोध घेतो. माणसांच्या वागण्याचाही तसाच शोध घेता येतो. साथीच्या रोगांच्या बाबतीत तर तो घेतलाच पाहिजे. कारण औषध किंवा लस तयार होईपर्यंतच्या काळात लोकांचे वागणे हेच मोठे औषध असते.

नियम कशासाठी होते?

कोविड-१९ हा रोग ज्या विषाणूमुळे होतो, त्याचा व्यास सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा दहा हजारावा भाग असतो. रोगी श्वास सोडतो, बोलतो किंवा खोकतो, तेव्हा बारीक थेंबांबरोबर हे विषाणू हवेत येतात. मोठे थेंब एक-दोन मीटरच्या आतच खाली पडतात. अगदी सूक्ष्म थेंब मात्र उदबत्तीच्या धुरासारखे बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. अंतर ठेवा, नाक-तोंड झाका, खिडक्या उघडा हे नियम यातूनच आले.

या रोगाची आणखी एक खोडी होती. लक्षणे दिसू लागण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासूनच तो दुसऱ्याला होऊ शके. काहींना तर लक्षणे दिसतच नसत. देवीच्या रोग्याच्या अंगावरचे फोड पाहून लोक दूर होत. येथे दूर व्हायचे कोणापासून? 'मला काही झालेले नाही, मग मी मुखपट्टी कशाला लावू?' असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसे. त्याला खरोखरच काही झाल्याचे जाणवत नसे. म्हणून तर नियम सर्वांसाठी होता.

काही जण विचारीत, 'विषाणू इतका लहान आणि कापडाची छिद्रे एवढी मोठी. मग तो अडेल कसा?' प्रश्न चांगला आहे. पण मुखपट्टी ही चाळणी नव्हे. जरा मोठे थेंब हवेबरोबर धाग्यांना वळसा घालू शकत नाहीत आणि धाग्यांवर आपटतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे फिरतात, त्यामुळे तेही धाग्यांना चिकटतात. सर्वांत अवघड असतात ते मधल्या आकाराचे, सुमारे ०.३ मायक्रोमीटरचे कण. एन-९५ या मुखपट्टीच्या धाग्यांवर विद्युतभार असतो, आणि या अवघड कणांपैकीही शेकडा ९५ कण ती अडवते. साध्या कापडाची मुखपट्टी अर्थातच खूप कमी अडवते.

समजा, एक साधी मुखपट्टी निम्मेच कण अडवते. रोग्याने ती लावली, तर निम्मे कण बाहेर येतील. समोरच्यानेही लावली, तर त्यांतले निम्मेच त्याच्या नाकात शिरतील. निम्म्याचे निम्मे म्हणजे पाव! एकट्याने लावली तर अर्धे, दोघांनी लावली तर पाव. प्रत्यक्षातला हिशेब इतका सरळ नसतो. मुखपट्टीच्या कडांतून हवा निसटते आणि नाक उघडे राहिले तर श्वास त्या वाटेनेच जातो. पण मुद्दा ध्यानात येईल. हा नियम दोघांनी मिळून पाळला तरच त्याचे बळ वाढते.

न दिसणारा फायदा

आता थोडे गणित करू. एक रोगी दोघांना रोग देतो असे समजा. ते दोघे चौघांना, चौघे आठांना. अशा दहा फेऱ्या झाल्या की दहाव्या फेरीत १,०२४ नवे रोगी होतील. आता लोकांनी काळजी घेतल्यामुळे हा आकडा दोनाऐवजी सरासरी दीडवर आला असे धरा. दहाव्या फेरीत किती रोगी होतील? वहीत गुणाकार करून पाहा. उत्तर येते सुमारे ५८. दोन आणि दीड यांत फरक केवळ अर्ध्याचा, पण शेवटी १,०२४ आणि ५८! हा आकडा एकाच्या खाली गेला तर साथ आपोआप विझत जाते.

पण या गणितातच एक अडचण दडलेली आहे. जे सुमारे साडेनऊशे लोक वाचले, ते कोण? कोणालाच ठाऊक नाही. कोणाच्या आजी, कोणाचे दुकानदार, कोणाचे शिक्षक. त्यांना स्वतःलाही आपण वाचलो हे कळत नाही. आणि ज्याने तासभर घामाने ओली झालेली मुखपट्टी सहन केली, त्याला काय दिसते? चष्म्यावर साचलेली वाफ! तापलेल्या तव्याला बोट लागले की शिक्षा तत्काळ मिळते, म्हणून आपण एकदाच शिकतो. येथे नियम मोडणाऱ्याला बहुतेक वेळा शिक्षा होत नाही आणि पाळणाऱ्याला बक्षीस दिसत नाही.

इंग्लंडमधील रोगप्रसाराचे अभ्यासक जेफ्री रोझ यांनी १९८१ साली ही गोष्ट नेमकेपणाने मांडली. जो उपाय समाजाला फार मोठा फायदा देतो, तो त्यात भाग घेणाऱ्या एकेका माणसाला फारच थोडा फायदा देतो, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणून 'गेल्या महिन्यात मी मुखपट्टी लावली नाही, मला काय झाले?' हे विधान खरे असूनही त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो. एका माणसाच्या एका महिन्याच्या अनुभवावरून साथीचे मोजमाप करता येत नाही.

'मला काही होत नाही'

तुम्हांला वाटेल, शिकलेल्या माणसांना हे सहज पटत असेल. तर मग शंभर वर्षांहून अधिक जुनी एक हकिकत ऐका.

१९१० च्या हिवाळ्यात चीनच्या ईशान्येकडील मांचुरियात प्लेगची भयंकर साथ आली. हार्बिन शहरात माणसे पटापट मरू लागली. डिसेंबर महिन्यात तेथे वू लिएन-तेह या तरुण डॉक्टरांना पाठवण्यात आले. मलायातील पेनांग येथे जन्मलेले आणि केंब्रिजला शिकलेले वू तेव्हा अवघे ३१ वर्षांचे होते. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे होतो, हे तेव्हा माहीत झाले होते. पण येथे उंदीर तपासले तर त्यांत प्लेगचे जंतू सापडेनात. वू यांनी एका मृतदेहाची तपासणी केली आणि ते निष्कर्षाला आले, की हा फुप्फुसांचा प्लेग असून तो श्वासावाटे माणसाकडून माणसाला होतो. म्हणून त्यांनी जाळीदार सुती कापड आणि कापूस यांची मुखपट्टी तयार करून सर्वांनी ती वापरावी असा आग्रह धरला.

मेनी नावाचे एक फ्रेंच डॉक्टर तेथे आले. ते वयाने आणि अनुभवाने मोठे होते. या तरुणाचे म्हणणे त्यांना पटले नाही. मुखपट्टी न लावताच ते रुग्णालयात रोग्यांना तपासायला गेले. थोड्याच दिवसांत, जानेवारी १९११ मध्ये, त्यांनाच प्लेग झाला आणि त्यात ते दगावले. त्या बातमीनंतर मात्र हार्बिनमध्ये मुखपट्ट्या दिसू लागल्या. १९११ च्या वसंत ऋतूपर्यंत साथ आटोक्यात आली. तोवर सुमारे ६०,००० माणसे बळी पडली होती.

मेनी अडाणी नव्हते की भित्रेही नव्हते. जुने ज्ञान पुरेसे आहे असे त्यांना वाटले. असा विश्वास ज्याला त्याला वाटत असतो. 'मी रोज व्यायाम करतो', 'आमच्या गावची हवा चांगली आहे', 'हा तर माझा नेहमीचा मित्र, याच्यापासून काय होणार?' यातले शेवटचे वाक्य विशेष लक्षात ठेवा. अनोळखी माणसापासून लोक दूर सरकत, पण ओळखीचा माणूस भेटला की बोलायच्या सोयीसाठी मुखपट्टी खाली ओढीत. आणि शांत श्वासापेक्षा बोलताना, त्यातही मोठ्याने बोलताना, अधिक कण बाहेर पडतात!

'सगळेच तसे करतात'

बाजारात गेल्यावर मुखपट्टी लावायची की नाही, हे माणूस पुष्कळदा सरकारी फलक वाचून ठरवत नाही. तो इकडेतिकडे पाहतो. दहापैकी आठांच्या तोंडावर ती असेल, तर त्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. दहापैकी दोघांच्याच तोंडावर असेल, तर लावलेली मुखपट्टीही काढावीशी वाटते. 'मीच एकटा वेडा दिसतो' असे त्याला वाटू लागते.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात दगड झालेल्या प्राचीन लाकडांचे एक राष्ट्रीय उद्यान आहे. पाहायला येणारे लोक लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. मानसशास्त्रज्ञांनी तेथे दोन प्रकारचे फलक लावून पाहिले. 'कृपया लाकूड नेऊ नका' असे सांगणारा फलक असताना खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी शेकडा दोनांहूनही कमी नाहीसे झाले. 'पूर्वी अनेक लोकांनी लाकूड नेले आहे' असे सांगणाऱ्या फलकाजवळ मात्र शेकडा आठांच्या आसपास नाहीसे झाले. म्हणजे चोरीबद्दल हळहळ व्यक्त करणाऱ्या फलकानेच चोरी वाढवली!

आता साथीच्या काळातील वर्तमानपत्रे आठवा. 'नियमांचा फज्जा' असा मथळा आणि खाली बाजारातील गर्दीचे छायाचित्र. हेतू चांगलाच होता. परंतु ते पाहून कित्येकांनी मनात म्हटले असेल, 'कोणीच पाळत नाही, मग मी एकट्याने कशाला?'

दंड, सक्ती आणि विश्वास

मग दंड केला तर? मुंबईत ८ एप्रिल २०२० रोजी सार्वजनिक ठिकाणी मुखपट्टी सक्तीची झाली आणि पुढे न लावणाऱ्याला २०० रुपये दंड होऊ लागला. दंडाचा उपयोग होतो, पण त्याला मर्यादाही आहे. दंडाच्या धाकाने लावलेली मुखपट्टी दंड करणारा दिसेनासा झाला की उतरते. बसमधली मुखपट्टी तिकीट काढल्यावर हनुवटीवर का येई, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरानेही मुखपट्टीची सक्ती केली होती. काही लोकांनी धूम्रपानासाठी तिला भोक पाडले! २१ नोव्हेंबर १९१८ रोजी दुपारी भोंगा वाजवून सक्ती उठवण्यात आली, तेव्हा लोकांनी मुखपट्ट्या रस्त्यावर फेकल्या. डिसेंबरात रोग पुन्हा वाढला. जानेवारी १९१९ मध्ये सक्ती परत आली, तेव्हा तिच्याविरुद्ध लोकांनी चक्क एक संघटनाच उभारली. एकदा 'संपले' म्हटल्यावर पुन्हा तोच नियम पाळायला सांगणे फार कठीण असते. शिवाय त्या काळच्या विरळ जाळीच्या मुखपट्ट्या फारशा उपयोगी नव्हत्या, तेव्हा लोकांच्या तक्रारीत थोडे तथ्यही होते.

नुसत्या सक्तीने काय होते, हे सांगायला पुण्याचे उदाहरण पुरेसे आहे. १८९६ साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग शिरला. १८९७ साली रँड यांच्या देखरेखीखाली गोरे सैनिक घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. त्यांनी स्वयंपाकघर पाहिले नाही की देवघर पाहिले नाही. रोग्याला वेगळे ठेवणे हा विचार चुकीचा नव्हता. पण लोकांना विश्वासात न घेता, त्यांचा अपमान करीत तो राबवला गेला. परिणाम असा झाला, की लोक रोगी लपवू लागले. म्हणजे साथ रोखण्याच्या उपायानेच साथ झाकली जाऊ लागली. त्याच वर्षी, त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होत्या. तो रोग जडूनच १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. रोगी लपवावासा वाटतो तो सैनिकापासून. सेवा करणाऱ्यापासून नव्हे.

विश्वासाला तडा जाण्याचे आणखी एक कारण असते. २०२० च्या सुरुवातीला सामान्य लोकांनी मुखपट्टी लावण्याची गरज नाही असे सांगितले जात होते. जागतिक आरोग्य संघटनेने ५ जून २०२० रोजी आपला सल्ला बदलला. पुढे असेही दिसले, की वस्तूंना हात लागून होणाऱ्या लागणीपेक्षा हवेतून होणारी लागण कितीतरी महत्त्वाची आहे. 'आज एक सांगतात, उद्या दुसरे' असे लोक म्हणू लागले. पण नवा पुरावा मिळाला की मत बदलणे ही विज्ञानाची रीतच आहे. फक्त मत का बदलले, हेही त्याच वेळी समजावून सांगावे लागते.

पाळायचे म्हटले तरी

नियम न पाळणारा प्रत्येक जण बेफिकीर असतो असेही नाही. मुंबईतील धारावीत अडीच चौरस किलोमीटरहून कमी जागेत लाखो लोक राहतात. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसे राहत असतील, तर त्यांनी सहा फूट अंतर ठेवायचे कोठे? बहुसंख्यांना सार्वजनिक शौचालयच वापरावे लागते. तेथे १ एप्रिल २०२० रोजी पहिला रोगी सापडला, तेव्हा नुसते नियम सांगून भागण्यासारखे नव्हते. म्हणून घरोघर तपासणी झाली, संशयितांच्या राहण्याची सोय शाळांमध्ये व सभागृहांमध्ये केली गेली, सार्वजनिक शौचालये पुनःपुन्हा निर्जंतुक केली गेली. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी या प्रयत्नांची वाखाणणी केली. नळाला पाणीच नसेल, तर 'हात धुवा' हा फलक काय कामाचा?

सहाशे गावांतला प्रयोग

मग लोकांचे वागणे बदलते तरी कशाने? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्या शेजारच्या बांगलादेशात एक फार मोठा प्रयोग झाला. २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या या प्रयोगात सुमारे ६०० गावे आणि ३ लाख ४० हजारांहून अधिक प्रौढ माणसे होती. निम्म्या गावांत काहीच विशेष केले नाही. उरलेल्या गावांत चार गोष्टी केल्या. घरोघर जाऊन मुखपट्ट्या फुकट दिल्या. त्या का व कशा लावायच्या हे समजावले. बाजारात किंवा रस्त्यात कोणी विनामुखपट्टी दिसला तर थांबवून नम्रपणे आठवण केली. आणि गावातील मानाच्या माणसांनी, इमामांनी स्वतः ती लावून दाखवली. निरीक्षक मशिदी, बाजार, रस्ते आणि चहाची दुकाने येथे नुसते मोजत उभे राहत. नाक आणि तोंड दोन्ही झाकलेले असेल तरच 'नीट लावली' असे धरायचे. नाकाखालची मुखपट्टी मोजणीत धरली जात नसे!

काय दिसले? साध्या गावांत शेकडा १३ जण मुखपट्टी नीट लावीत होते. प्रयोगाच्या गावांत शेकडा ४२. भ्रमणध्वनीवर संदेश पाठवून किंवा गावाला बक्षिसाचे आमिष दाखवून त्यात भर पडली नाही. मुखपट्टी मिळाली की लोक बेफिकीर होऊन गर्दी करतील, ही भीतीही खोटी ठरली; उलट अंतर ठेवणाऱ्यांचे प्रमाण शेकडा २४ वरून २९ झाले. लक्षणांसह झालेली लागण शेकडा ९ च्या आसपास घटली. हा आकडा लहान वाटेल, पण शंभरांपैकी फक्त २९ माणसे वाढली होती, हे विसरू नका. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरतात तशा मुखपट्ट्या दिलेल्या गावांत, साठ वर्षांवरील लोकांची अशी लागण जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाली. मात्र पाच महिन्यांनी पाहिले, तेव्हा मुखपट्ट्यांचा वापर पुन्हा घसरला होता. सवय टिकवायलाही आठवण लागते.

तुम्ही करून पाहा

असा प्रयोग तुम्हांलाही लहान प्रमाणात करता येईल. दुपारच्या जेवणाआधी साबणाने हात धुणारे किती आणि न धुणारे किती, हे तीन दिवस मोजा. कोणाचे नाव लिहू नका आणि आपण मोजतो आहोत हे कोणाला सांगू नका. कारण कोणी पाहते आहे असे कळले की माणसे वेगळी वागतात. मग एकच गोष्ट बदला. साबण नळाजवळच ठेवा, किंवा वर्गशिक्षकांना सर्वांसमोर प्रथम हात धुवायला सांगा, किंवा नुसता फलक लावा. पुन्हा तीन दिवस मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. वेगवेगळ्या वर्गांनी वेगवेगळी गोष्ट बदलली, तर कोणती अधिक उपयोगी पडते तेही कळेल.

महाराष्ट्रात २ एप्रिल २०२२ रोजी कोविडचे निर्बंध उठले आणि मुखपट्टी ऐच्छिक झाली. तरी खोकला, सर्दी, इन्फ्लुएंझा आणि क्षयरोग हवेतूनच पसरत आहेत. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. म्हणून खोकला झाला असेल, तेव्हा बसमध्ये नाक आणि तोंड दोन्ही झाका, शिंक आली तर कोपराच्या आत शिंका, रस्त्यावर थुंकू नका. तुमच्यामुळे कोणाचा आजार टळला, हे तुम्हांला कधीच कळणार नाही. पण तुमच्याकडे पाहून शेजारी बसलेल्याने आपली मुखपट्टी नाकावर सरकवली, तर ते मात्र तुम्हांला नक्की दिसेल.